व्हिक्टोरिया धबधबा : जाण्याआधी आणि कॅमेरा काढण्याआधी पडणारे प्रश्न

झांबेझी नदीवरच्या या धबधब्याबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्मे प्रवासाचे आहेत, निम्मे फोटोंचे. दोन्हींची उत्तरं शेवटी एकाच गोष्टीवर येतात : तुम्ही जाल तेव्हा नदीत पाणी किती असेल? ते ठरलं की बाकीचं आपोआप ठरत जातं.

हा धबधबा नक्की कुठे आहे? आणि खरंच जगातला सर्वांत मोठा आहे का?

झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन देशांच्या सीमेवर. झांबेझी नदी इथे १,७०८ मीटर रुंदीची होऊन एका चिंचोळ्या घळीत कोसळते. सर्वांत उंच ठिकाणी ही उडी १०८ मीटरची आहे. व्हेनेझुएलाचा एंजल यापेक्षा कितीतरी उंच आहे आणि इग्वासूचा पसारा जास्त रुंद आहे. पण रुंदी आणि उंची एकत्र धरली, तर कोसळणाऱ्या पाण्याचा याहून मोठा पडदा जगात नाही. नायगाराची उंची याच्या साधारण निम्मी. स्थानिक नाव मोसी-ओआ-तुन्या. स्कॉटिश धर्मप्रसारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १६ नोव्हेंबर १८५५ ला इथे पोहोचला आणि त्याने आपल्या राणीचं, व्हिक्टोरियाचं, नाव दिलं. १९८९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दोन्ही नावं जोडीने आहेत.

कधी जावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं मिळतात तीही याचीच.

तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो. म्हणजे जानेवारीत धबधबा भरून वाहत असेल असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे तसंच होतं : जुलैत पाऊस, जुलैतच ठोसेघर. झांबेझीचं तसं नाही. ती उगम पावते झांबियाच्या वायव्य टोकाला, मग अंगोलातून फिरून परत येते आणि धबधब्याच्या बरंच आधी बारोत्सेच्या पूरमैदानात पसरते. हे मैदान पाणी साठवून ठेवतं आणि सावकाश सोडतं. म्हणून पाऊस थांबल्यावर, एप्रिलच्या आसपास, नदी सर्वांत फुगलेली असते. सरासरी वर्षी तेव्हा सेकंदाला तीन हजार घनमीटरच्या आसपास पाणी खाली पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते काही शे घनमीटरवर येतं. एकाच धबधब्याची ही दोन रूपं इतकी वेगळी आहेत की फोटो शेजारी ठेवले तर जागा ओळखू येणार नाही.

मार्च ते मे : आवाज, थरार, जमिनीची थरथर. तुषार चारशे मीटरहून उंच जातात आणि मैलोन्‌मैल दुरून पांढरा ढग दिसतो. जवळ जाऊन धबधबा मात्र दिसेलच असं नाही.

जून ते ऑगस्ट : माझं मत विचाराल तर हेच दिवस. पाणी भरपूर, तुषार जरा आवरलेले, आकाश निरभ्र, हवा कोरडी. पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर लागतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : पाणी कमी, काळा कडा उघडा पडतो, घळीचा तळ दिसतो. उकाडा प्रचंड. ऑक्टोबरमध्ये दुपारी बाहेर पडू नये.

डिसेंबर ते फेब्रुवारी : हिरवळ, ढग, मधूनच वादळी पाऊस; पाणी हळूहळू चढत जातं.

झांबेझी रिव्हर ऑथॉरिटी नदीच्या प्रवाहाचे आकडे प्रसिद्ध करते. निघण्याआधी ते जरूर पाहा. सगळी वर्षं सारखी नसतात. २०१९ च्या अखेरीस दुष्काळामुळे पाणी इतकं आटलं होतं की कोरड्या कड्याचे फोटो जगभर छापून आले.

आम्हाला मुलांच्या सुट्टीतच जमतं. मे की दिवाळी?

मे. दिवाळीत गेलात तर झांबियाकडून बऱ्याच लांबीचा नुसता खडक दिसेल. मे महिन्यात भिजाल, पण धबधबा पाहिला असं छातीठोक सांगता येईल. एकच अपवाद : डेव्हिल्स पूल या धबधब्याच्या काठावरच्या डोहात उतरायचंच असा हट्ट असेल, तर दिवाळीची सुट्टी बरोबर बसते. त्याबद्दल पुढे आहे.

झांबियाकडून पाहावा की झिम्बाब्वेकडून?

जमलं तर दोन्हीकडून. एकच बाजू जमणार असेल तर झिम्बाब्वे.

कारण साधं आहे. धबधब्याची लांबी ढोबळमानाने पश्चिम-पूर्व पसरलेली आहे. पश्चिमेकडून डेव्हिल्स कॅटरॅक्ट, मेन फॉल्स, हॉर्सशू, रेनबो, आर्मचेअर आणि शेवटी ईस्टर्न कॅटरॅक्ट. यातला बहुतांश भाग झिम्बाब्वेकडच्या पायवाटेवरून समोरासमोर दिसतो. वाटेवर क्रमांक दिलेले थांबे आहेत. सुरुवात लिव्हिंगस्टनच्या पुतळ्यापाशी होते आणि शेवटाकडे डेंजर पॉइंट येतो. नदीचा पश्चिमेकडचा तळ खोल असल्याने सप्टेंबर-नोव्हेंबरच्या उकाड्यातही इथे पाणी असतं.

झांबियाकडचा भाग उथळ आहे, तो आधी कोरडा पडतो. शिवाय तिथे १०८ मेगावॉटचं जुनं जलविद्युत केंद्र आहे आणि त्यासाठी पाणी धबधब्याच्या वरच्या अंगाला वळवलं जातं. त्यामुळे सप्टेंबरनंतर ईस्टर्न कॅटरॅक्ट पाहून लोक हिरमुसतात. पण पाणी भरपूर असताना झांबियाकडचा नाइफ-एज पूल म्हणजे कमाल! अरुंद पादचारी पूल, एका बाजूला धबधबा, आणि पाणी खालून वर येतंय असं वाटावं इतके तुषार. तिथूनच एक उतरती वाट बॉयलिंग पॉटपर्यंत जाते. अख्खी नदी घळीतून बाहेर पडायला जेमतेम ११० मीटर रुंदीची फट आहे, आणि त्यातून निघालेलं पाणी तिथे गरगरत राहतं. परतीचा चढ दमवणारा आहे. सिंहगडाची सवय असेल तर काहीच वाटणार नाही.

व्हिसाचं काय?

दोन्ही देशांसाठी मिळून काझा युनिव्हिसा नावाची सोय आहे. त्यावर सीमा पुन्हा पुन्हा ओलांडता येते आणि कझुंगुलाच्या सीमेवरून बोट्स्वानातल्या चोबे अभयारण्याची एका दिवसाची सफरही करता येते. मात्र हा व्हिसा कोणत्या देशाच्या पासपोर्टला कुठे मिळतो याचे नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी दोन्ही देशांच्या इमिग्रेशन खात्यांची अधिकृत संकेतस्थळं स्वतः वाचा. ट्रॅव्हल एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. साधा एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर पलीकडे जाऊन परत येताना पुन्हा पैसे मोजावे लागतील.

पिवळ्या तापाची लस लागते का?

हा प्रश्न लोक तिथल्या विमानतळाच्या काळजीने विचारतात. खरी अडचण परतताना मुंबईत येते. इथिओपिया आणि केनिया हे देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत, आणि आपल्याकडून जाणारी सोयीची विमानं बऱ्याचदा आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात. तिथला थांबा लांबला आणि तुमच्याकडे लसीचं कार्ड नसलं, तर परतल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. एकदा घेऊन टाका, विषय संपला.

मलेरिया हा वेगळा आणि गंभीर विषय. झांबेझीचं खोरं मलेरियाचं आहे, पावसाळ्यात जास्तच. गोळ्यांबद्दल निघण्याच्या बरंच आधी डॉक्टरांना विचारा आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

पोहोचायचं कसं?

मुंबईहून थेट विमान नाही. आदिस अबाबा, नैरोबी किंवा जोहान्सबर्गला विमान बदलायचं. उतरायला दोन विमानतळ : झिम्बाब्वेकडे व्हिक्टोरिया फॉल्स, झांबियाकडे लिव्हिंगस्टन. व्हिक्टोरिया फॉल्स गावातून धबधब्याचं प्रवेशद्वार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लिव्हिंगस्टन गाव मात्र धबधब्यापासून साधारण दहा किलोमीटरवर, टॅक्सी लागते. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे.

‘धबधबा समोर असून दिसत नाही’ असं लोक म्हणतात, ते काय?

इतर धबधब्यांपाशी आपण खालून किंवा लांबून पाहतो. इथे तसं नाही. पाणी ज्या घळीत पडतं ती घळच अरुंद आहे आणि आपण तिच्या पलीकडच्या काठावर, धबधब्याच्या माथ्याच्याच पातळीवर उभे असतो. पडलेल्या पाण्याला पसरायला जागा नाही. खालची हवा दाबली जाते आणि तुषार घेऊन सरळ वर उसळते, मग ते पाणी आपल्या डोक्यावर पावसासारखं पडतं. पाणी जितकं जास्त, तितका हा पडदा दाट. एप्रिलमध्ये काही थांब्यांवर समोर नुसती पांढरी भिंत असते. मग वारा हलतो, पडद्याला भोक पडतं आणि दोन-तीन सेकंद काळा कडा आणि त्यावरून घसरणारं पाणी दिसतं. कॅमेरा आधीपासून डोळ्याला लावलेला असेल तर फोटो, नाहीतर नुसती आठवण.

या कायमच्या पावसामुळे समोरच्या काठावर एक छोटंसं वर्षावन तयार झालं आहे. आजूबाजूचा मुलूख रखरखीत, आणि या पट्ट्यात मात्र अंजीरवर्गीय झाडं, महोगनी, रानटी खजूर, नेचे. फोटो काढणारे याच्याकडे पाठ फिरवून उभे असतात. एखाद्या थांब्यावर काहीच दिसत नसेल, तर मागे वळा आणि ठिबकणाऱ्या पानांमधून तिरपं ऊन येतंय का पाहा.

कॅमेरा भिजू नये म्हणून काय करायचं?

भिजणार हे धरूनच चला. प्रवेशद्वारापाशी पोंचो भाड्याने मिळतात, पण ते तुमच्यासाठी. कॅमेऱ्यासाठी घरून प्लॅस्टिकचं आवरण न्या. हॉटेलातली शॉवर कॅपही चालते : लेन्सवर रबराकडून चढवायची आणि फोटोपुरती बाजूला करायची. लेन्सवर हूड लावा आणि फोटो काढत नसताना कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा. पुढच्या काचेवर साधा यूव्ही फिल्टर असेल तर बिनधास्त पुसता येतं.

पुसायला एक कापड पुरत नाही. पहिल्या तीन थांब्यांत ते ओलं होतं आणि मग काचेवर पाणी नुसतं सारवलं जातं. मायक्रोफायबरची चार-पाच कापडं वेगवेगळ्या बंद पिशव्यांत ठेवा आणि एक जुना, मऊ पंचा कॅमेऱ्याच्या अंगासाठी. आपला पंचा पाणी जितकं टिपतो तितकं कुठलंही महागडं कापड टिपत नाही.

तुषारांत लेन्स बदलू नका. काय वाट्टेल ते झालं तरी नाही. एकच लेन्स न्यायची असेल तर २४-७० मिलिमीटरची न्या. दुसरी न्यायची असेल तर अतिरुंद नको, ७०-२०० न्या. इथले उत्तम फोटो तुकड्यांचे असतात : कड्यावरून वळणारी पाण्याची एकच धार, तुषारांत अर्धवट दिसणारं झाड, पलीकडच्या काठावर रेनकोट घातलेली मुंगीएवढी माणसं. त्या माणसांमुळेच आकार कळतो. नुसत्या पाण्याच्या फोटोत १०८ मीटर आणि १८ मीटर यांत फरक दिसत नाही.

माझ्याकडे फक्त फोन आहे. चालेल?

चालेल. जलरोधक असला तरी एक गंमत ध्यानात ठेवा : काचेवर थेंब पडले की स्क्रीन बोटाला दाद देत नाही, भलतंच काहीतरी उघडतं. फोटो काढायला आवाजाचं बटण वापरा. आत शिरण्याआधीच कॅमेरा उघडून ठेवा. संध्याकाळी चार्जिंगचं भोक ओलं असेल तर फोन चार्ज होणार नाही. झटकून, पंख्यापुढे ठेवून वाट पाहा. तांदळाच्या डब्यात खुपसू नका.

सेटिंग काय ठेवावं?

थेंब गोठवायचे असतील तर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद. पाणी रेशमासारखं हवं असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद, त्यासाठी गडद एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) आणि ट्रायपॉड. पण दुसरा प्रकार पाणी कमी असतानाच करा. एप्रिल-मेमध्ये एका सेकंदात काचेवर इतके थेंब येतात की फोटोऐवजी ठिपके मिळतात. आणि खरं सांगायचं तर या धबधब्याला रेशीम शोभतही नाही. ताकद दिसली पाहिजे.

एक्स्पोजरबाबत, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याबाबत, कॅमेरा इथे दोनदा फसतो. सगळीकडे पांढरं धुकं असेल तेव्हा तो चित्र करडं करतो. तेव्हा अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. उन्हातलं पाणी आणि मागे काळा खडक असेल तेव्हा उलट : खडक उजळवायच्या नादात पाण्याचा तपशील जातो, तिथे कमी करा. तुषारांत ऑटोफोकस चाचपडत राहतो. पलीकडच्या खडकावर एकदा फोकस करून तो मॅन्युअलवर कुलूपबंद करणं उत्तम.

इंद्रधनुष्य हमखास मिळतं का? कुठे उभं राहावं?

ऊन आणि तुषार असतील तर मिळतंच. जागा शोधायला नशीब लागत नाही, सावली लागते. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतं. तुमच्या स्वतःच्या डोक्याची सावली जिकडे पडते ती दिशा म्हणजे त्याचा मध्य, आणि त्याभोवती ४२ अंशांवर कमान. म्हणून सूर्य पाठीशी घ्यायचा.

इथल्या रचनेत याचा अर्थ असा : सकाळी पश्चिमेकडे बघा. झांबियाकडच्या टोकावरून घळीच्या लांबीत पाहिलं, किंवा झिम्बाब्वेकडच्या मधल्या थांब्यांवरून मागे वळून डेव्हिल्स कॅटरॅक्टकडे पाहिलं, तर कमान दिसते. दुपारनंतर उलट, पश्चिम टोकाला उभं राहून पूर्वेकडे. आपल्याकडे भरदुपारी इंद्रधनुष्य दिसत नाही, कारण ते क्षितिजाखाली गेलेलं असतं. पण इथे तुषार तुमच्या पायाखालीही आहेत, त्यामुळे सूर्य बराच वर असतानाही खाली घळीत पाहिलं तर कमान सापडते. तुषार सगळीकडून असतील तर ती जवळजवळ पूर्ण वर्तुळाची होते. नाइफ-एज पुलावर लोक मध्येच थांबून का ओरडतात, ते तेव्हा कळतं.

जून-जुलैत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला, म्हणजे धबधब्याच्या मागच्या अंगाला असतो. त्या वेळी कड्याचं तोंड सावलीत जातं. जेवायला जा.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावला असेल तर सावध! इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो. फिल्टर एका कोनात रंग गडद करतो आणि तोच पाव फेरा फिरवला की धनुष्य पुसूनच टाकतो.

चांदण्यातलं इंद्रधनुष्य खरंच दिसतं?

दिसतं. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री दोन्हीकडची उद्यानं मुद्दाम उघडी ठेवतात. तिकीट वेगळं आणि महाग. पाणी भरपूर लागतं, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची पौर्णिमा यासाठी विसरा. एप्रिल ते जुलै चांगले. डोळ्यांना ते पांढुरक्या कमानीसारखं दिसतं, कारण अंधारात आपल्याला रंग नीट कळत नाहीत. कॅमेऱ्याला कळतात. ट्रायपॉड, जितकं उघडता येईल तितकं ॲपर्चर, आयएसओ ८०० ते १६००, दहा ते वीस सेकंद. फोकस उजेड असतानाच ठरवून ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्याची चकाकी कमी करा. शेजारचा माणूस फ्लॅश उडवणार हे नक्की. रांगेत ओळख करून घेऊन आधीच सांगून ठेवलेलं बरं.

हेलिकॉप्टरचे पैसे वसूल होतात का? ड्रोन न्यावा का?

ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय उद्यानात उडवायला मनाई आहे आणि जप्त होण्याची शक्यता मोठी.

हेलिकॉप्टर महाग आहे, फेरी पंधरा मिनिटांच्या आसपासची. पण या धबधब्याचा खरा आकार जमिनीवरून कधीच दिसत नाही. वरून दिसते सपाट माळावरची एक चीर आणि तिच्याखाली नागमोडी घळी. हात आखडता घ्यायचा नसेल तर एवढं एक करा. काचेतून फोटो काढताना गडद शर्ट घाला, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. पोलरायझर काढून ठेवा, तावदानावर रंगीत पट्टे उमटतात. शटर हजाराव्या भागाखाली नको. झांबियाकडून मायक्रोलाइट या छोट्या, उघड्या विमानातही नेतात, पण त्यात हातात कॅमेरा घेऊ देत नाहीत. पंखावर बसवलेल्या कॅमेऱ्याचे फोटो विकत घ्यावे लागतात. अनुभव म्हणून मायक्रोलाइट सरस, फोटोसाठी हेलिकॉप्टर.

डेव्हिल्स पूल सुरक्षित आहे का?

धबधब्याच्या अगदी ओठावर खडकाची नैसर्गिक कड आहे आणि तिच्यामागे हा डोह. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाणी कमी असतानाच, झांबियाकडच्या लिव्हिंगस्टन बेटावरून वाटाड्यांबरोबर नेतात. पोहता आलंच पाहिजे. स्वतःहून कधीही जायचं नाही. फोटो तुमचा वाटाडे काढतात आणि त्यांना कोन पाठ असतात. मला विचाराल तर तो फोटो आता इतक्यांनी काढलाय की त्यासाठी प्रवासाचा महिना ठरवू नये.

तो लोखंडी पूल कधीचा?

१९०५ चा. १९८ मीटर लांब, नदीपासून साधारण १२८ मीटर उंच. लोखंड इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनला घडवलं आणि इथे आणून जोडलं. धावत्या गाडीवर धबधब्याचे तुषार उडावेत ही सेसिल ऱ्होड्सची कल्पना. तो स्वतः १९०२ मध्येच वारला. पूल उघडला जॉर्ज डार्विन यांनी, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या मुलाने. दूधसागरपाशी गाडीच्या खिडकीतून तोंडावर पाणी घेतलेल्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको. आज त्यावरून रेल्वे, ट्रक, पादचारी आणि बंजी उडी मारणारे सगळे जातात. पुलावरून धबधब्याचा एक तुकडा आणि खालची घळ छान दिसते. मात्र दोन्ही टोकांना सीमाचौक्या आहेत. अधिकारी, पोलीस, चौकी यांचे फोटो काढू नका.

सह्याद्रीसारखाच काळा दगड दिसतो. तोच का?

जातकुळी तीच : बेसॉल्ट, लाव्हा थरावर थर साचून झालेला. वय मात्र वेगळं. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला सुमारे अठरा कोटी वर्षांचा. तिथल्या थरांना लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांत मऊ गाळ भरला. नदी तो मऊ भाग कोरून काढते, तिथे घळ होते आणि धबधबा तिच्या काठावर येतो. मग नदीला वरच्या अंगाला दुसरी भेग सापडते आणि धबधबा मागे सरकतो. खालच्या नागमोडी घळी म्हणजे धबधब्याच्या जुन्या जागा. पुढची जागाही जवळपास ठरली आहे : डेव्हिल्स कॅटरॅक्टचा कडा बाकीच्यांपेक्षा खाली गेलाय, नदी तिथूनच मागे खोदते आहे.

प्राण्यांची भीती आहे का?

बबून माकडांची आहे. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाऊ हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, मग आत लेन्स असली तरी. पिशव्या पाठपिशवीत, चेन बंद, खाणं अजिबात बाहेर नको. महाबळेश्वरची माकडं यांच्यापुढे साधुसंत वाटतील. गावात रानडुकरांच्या जातीतले वॉर्टहॉग गवत खात फिरतात, ते निरुपद्रवी. पण अंधार पडल्यावर नदीकाठच्या रस्त्यांवरून चालू नका. हत्ती गावाजवळ येतात, पाणघोडे रात्री चरायला बाहेर पडतात आणि काठावर मगरी आहेतच.

शाकाहारी लोकांचं काय?

उपाशी राहत नाही. मुख्य अन्न मक्याच्या पिठाचं : झिम्बाब्वेत साद्झा, झांबियात न्शिमा. दिसायला पांढऱ्या घट्ट उकडीसारखं, हाताने गोळा मोडून पालेभाजीबरोबर खायचं. झांबियात इफिसाशी मागा : पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला. आपल्या दाण्याच्या कुटाच्या पालेभाजीची सवय असलेल्या जिभेला ते लगेच ओळखीचं वाटतं. भाजीत सुकी मासळी नाही ना, एवढं आधी विचारा.

पैसे कोणते न्यावेत?

अमेरिकी डॉलर, आणि लहान नोटा भरपूर; सुटे मिळत नाहीत. फाटक्या, मळक्या नोटा नाकारल्या जातात. झांबियात क्वाचा काढून घ्या. उद्यानाचं तिकीट झिम्बाब्वेकडे जास्त महाग आहे. पुलाच्या आसपास शंभर ट्रिलियनच्या जुन्या झिम्बाब्वे डॉलरच्या नोटा विकायला येतात. त्या चलनातून बाद आहेत, आठवण म्हणून घ्यायच्या.

किती दिवस ठेवावेत?

तीन रात्री. एक दिवस झिम्बाब्वेकडे, एक झांबियाकडे, एक हातचा राखून. त्या राखीव दिवशी पुन्हा धबधब्यालाच जा, पहिल्या दिवशी वारा चुकीच्या दिशेने असण्याची दाट शक्यता असते. सकाळी दार उघडताच आत शिरा. बसने येणारे गट नंतर येतात. चोबेची सफर करायची असेल तर चौथी रात्र वाढवा.

वयस्कर आई-वडिलांना जमेल?

झिम्बाब्वेकडची मुख्य वाट बरीचशी सपाट आणि फरसबंद आहे, सावकाश चालत जमते. बसायला बाक आहेत. डेव्हिल्स कॅटरॅक्टच्या बाजूच्या पायऱ्या, झांबियाकडचा बॉयलिंग पॉट आणि डेंजर पॉइंट त्यांच्यासाठी टाळा. डेंजर पॉइंटला कठडा नाही आणि खडक कायम शेवाळलेला असतो. चप्पल नको, मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल घाला. गुडघे कुरकुरत असतील तर एक हलकी काठी न्या. चष्मा असेल तर त्यांच्या खिशातही एक कोरडं कापड द्या, नाहीतर पहिल्या थांब्यापासून त्यांना काहीच दिसणार नाही आणि ते तुम्हाला सांगणारही नाहीत.